विकतच्या मिरचीचं बी

"थोरले, बियाला नावं ठिवू नगंस. हात तुझा हाय," आत्याबाई म्हणाल्या.

तुम्ही न्हाणीमागच्या वाफ्यापाशी उकिडव्या बसला होतात. वाफा ओला होता. तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ तांब्यानं शिंपडून तुम्ही तो ओला ठेवला होता. त्यात एकही कोंब नव्हता. गवतही नव्हतं, कारण ते तुम्ही रोज उपटत होतात. नुसती काळी माती, वर राखेचा थर, आणि चारी बाजूंनी कोंबड्या येऊ नयेत म्हणून रोवलेल्या बाभळीच्या काट्या.

"वांझेचा हात मातीला बी कळतो," आत्याबाई म्हणाल्या. "माती काय आंधळी हाय व्हय?"

माझे मालक दात घासत उभे होते. त्यांनी लिंबाची काडी थुंकली आणि गोठ्याकडं निघून गेले. मी पिठाच्या हातानं दारात उभी होते. तुम्ही कनवटीची गाठ सोडली. फडक्याच्या कोपऱ्यात अडकून राहिलेलं एक बी नखानं काढलं, पुढच्या दातांत धरून चावलं आणि थुंकलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठलात.

"व्हय आत्याबाई," तुम्ही म्हणालात. "हाताचंच हाय."

मी वळून चुलीकडं गेले. तव्यावरची भाकरी करपली होती. ती मीच खाल्ली.

आक्का, तुमच्या दहाव्याला जमलेल्या बायका म्हणाल्या की सख्ख्या बहिणी राहत नाहीत अशा या दोघी जावा राहिल्या. मी ऐकून घेतलं. जावा राहतात तशाच आपण राहिलो. चूल एक, न्हाणी एक आणि दिवसातून दोनदा तंटा. तुम्ही थोरल्या, मी धाकटी, आत्याबाई आपल्या सासू. तुमचे मालक तुमच्या विसाव्या वर्षीच पटकीत गेले, मूल झालं नाही, आणि तुम्ही येरमाळ्याच्या अलीकडच्या या घरात तशाच राहिलात. हे सगळ्यांना माहीत आहे. न्हाणीमागच्या वाफ्याचं काय झालं, हे मात्र दोघींनाच माहीत होतं. मला वाटत होतं, मला एकटीलाच माहीत आहे.

तुम्हाला काय हवं होतं, तेही सांगते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, एवढं मिरचीसाठी कशाला.

तिफणीवर लाकडी चाडं असतं. पुढं बैल चालतात आणि मागून एक बाई चाड्यात मुठीनं बी सोडत जाते. मूठ सारखी सुटली तर ज्वारी सारखी उगवते. मूठ अडखळली तर पेरणीचा तास कुठं दाट, कुठं टक्कल. आपल्या घरी चाड्यावर मूठ धरायची ती लेकुरवाळ्या सवाशिणीनं. तुम्ही ती एक सालही धरली नव्हती. पण जात्यात दाणे घालताना तुमची मूठ मी पाहत होते. आपण बोलत असायचो, भांडत असायचो, तुमचं लक्ष माझ्याकडं असायचं आणि दाणे मात्र मोजून पडावेत तसे पडायचे. माझा दळताना घास कमीजास्त व्हायचा, जातं रडायचं. मग तुम्ही म्हणायचात, "सर, दे हिकडं."

पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. रझाकाराची भीती गेली होती, बार्शीच्या वाटेवर नाक्याच्या झडतीचा जाच कमी झाला होता आणि लोक धीटपणे बोलायला लागले होते. तुम्हीही त्याच सुमारास धीट झालात. चैत्रात एकदा जेवण वाढता वाढता तुम्ही माझ्या मालकांना म्हणालात, "भाऊजी, यंदा मिरगाला मला चाड्यावर धरा."

त्यांनी आईकडं पाहिलं. आत्याबाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

"शेतात बी पेरायचं हाय का जाळायचं हाय?"

"आई, वैनीची मूठ चांगली हाय," हे म्हणाले. एवढं तरी ते बोलले, ते मी त्यांच्या नावावर लिहून ठेवते.

"मूठ चांगली, पर हात?" आत्याबाई म्हणाल्या. मग ताटातला घास पुन्हा उचलून म्हणाल्या, "बरं. आधी न्हाणीम्हागं मिरची उगवून दाव. उगवली तर बघू चाड्याचं."

तुम्हाला एवढंच हवं होतं. पण घरचं बी आत्याबाईंच्या गाडग्यात, राखेत घातलेलं, आणि गाडगं त्यांच्या उशापाशी. त्या बियाला तुम्हाला हात लावू देत नव्हत्या. तेव्हा तुम्ही ते डोकं लढवलं. वर्षाच्या चटणीसाठी आपल्याकडं बार्शीहून मिरची विकत यायची. आपल्या गावची आखूड, ही बोटाएवढी लांब, सुरकुतलेली, रंगाला गडद आणि तिखटाला बेताची. माळवदावर ती वाळत घातली होती. देठ मोडता मोडता सुपात बी पडायचं, ते तुम्ही वाटीत जमवायला लागलात.

"त्ये इकतचं बी कशाला?" मी विचारलं. "उगवंल का?"

"इकतची हाय म्हनून तर," तुम्ही म्हणालात. "ही रंडकीनं लावली का सवाशिणीनं, कुनाला ठावं? दुकानदार सांगतो व्हय? बी मुकाट उगवतंय."

असं बोलून तुम्ही हसलात. तुम्ही फार हसत नव्हता, म्हणून माझ्या लक्षात आहे.

आता माझं.

कांडपाच्या दिवशी अंगणात उखळ चाललं होतं. मिरच्या तेलाच्या हातानं परतून, कुटून, चाळून संपत आल्या होत्या. मी चुलीपाशी बसून धणे, तीळ, खोबरं एकेक करून भाजत होते. वाट्या ओळीनं मांडल्या होत्या. त्यात एक वाटी मिरचीच्या बियांची होती. बी भाजून चटणीत घालतात, माझ्या माहेरी तर नेहमीच. मी वाटी तव्यावर रिकामी केली आणि उलथनं फिरवलं. वास सुटला, तडतड ऐकू आली, आणि तेवढ्यात अंगणातून तुमचा आवाज आला.

"धाकटे, माझं वाटीतलं बी जपून ठिव गं. त्ये पेरायचं हाय."

मी तवा उतरवला. बी पदरावर ओतलं, फुंकर घातली. रंग फार बदलला नव्हता, थोडं पिवळसर झालं होतं. सुपात पाहिलं, तिथं बी शिल्लक नव्हतं. मिरची सगळी कुटून झाली होती. आत्याबाई दारातच बसल्या होत्या. त्या सकाळी माझ्या हातून तेलाचं बुधलं लवंडलं होतं आणि त्यावरून माझ्या माहेरच्या चार पिढ्या काढून झाल्या होत्या. मी बी गार केलं, तुमच्या फडक्यात बांधलं आणि बाहेर आणून तुमच्या पुढ्यात ठेवलं.

मिरची आपण हातात देत नाही. हातात दिली की देणाऱ्या-घेणाऱ्याचं भांडण होतं म्हणतात. खाली ठेवायची, समोरच्यानं उचलायची. मी खाली ठेवलं, तुम्ही उचललंत आणि कनवटीला लावलंत. मला त्या वेळी त्या रिवाजाचं बरं वाटलं. तुमच्या हाताला हात लावावा लागला नाही.

मला वाटलं, सगळं बी काही मेलं नसेल. चार तरी उगवतील. चार कोंब उगवले असते तर मी ही गोष्ट विसरून गेले असते, हेही खरं आहे.

तुम्ही वाफा केलात तो मी पाहिला. माती बोटांनी चाळलीत. शेणखत चुरून घातलंत. काडीनं रेघा मारून बी सोडलंत, वरून राख टाकलीत, वाळलेल्या पाल्यानं झाकलंत. सातव्या दिवशी पाला उचलून पाहिलात. दहाव्या दिवशी पाहिलात. पुढं रोजच. मी रोज चुलीशी बसून तुमच्या पावलांकडं कान लावून असायचे. पावलं वाफ्यापाशी थांबायची आणि मग न्हाणीकडं यायची. एकदा तुम्ही मला बोलावलंत.

"धाकटे, हिकडं ये. तुझी नजर बारीक हाय. ह्यो कोंब हाय का बघ."

मी पाहिलं. ती काडी होती.

"न्हाय आक्का."

"न्हाय का?" तुम्ही म्हणालात. "उगवंल. इकतचं हाय, लांबनं आलंय. त्येला येळ लागत आसंल."

तेव्हा सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

त्या मृगाला चाड्यावर मूठ मी धरली. ती अडखळत सुटत होती. पुढं ज्वारी उगवली ती कुठं केसासारखी दाट, कुठं हातभर मोकळी. तुम्ही बांधावरून ती पाहिलीत. विरळणीला जास्तीची रोपं उपटून मोकळ्या जागी लावत दोन दिवस वाकून काम केलंत.

पुढल्या साली मी माहेराहून येताना बार्शीच्या पेठेतून तसलीच मिरची घेऊन आले. एकही भाजली नाही. आल्या आल्या देठ मोडले, बी काढलं आणि तुमच्या पुढ्यात ठेवलं.

"ह्ये टाका आक्का."

तुम्ही बियाकडं पाहिलंत. मग ते माझ्याकडं सरकवलंत.

"तूच टाक."

"तुमी टाका की. मी म्हनते ना."

"तू म्हन्तीस," तुम्ही म्हणालात. "म्हंजी उगवंल. पर तूच टाक."

मी टाकलं. नवव्या दिवशी वाफा हिरवागार झाला. आत्याबाईंनी शेजारणींना बोलावून दाखवलं. "बघा, लेकुरवाळीचा हात. त्येच इकतचं बी, त्योच वाफा." चूक भरून काढायला म्हणून मी जे केलं, त्यानं तुमच्यावरचा आळ आणखी घट्ट झाला. त्याआधी निदान असं म्हणायला जागा होती की दुकानाचं बी उगवत नसेल. ती जागा मी बुजवली.

तेव्हापासून रीत पडली. बी मी टाकायचं आणि बाकी सगळं तुम्ही. रोपं उपटून लावायची तुम्ही, न्हाणीचं पाणी वळवायचं तुम्ही, पानं गोळा झाली की राख उडवायची तुम्ही. गावात नाव माझं झालं. "धाकटीची मिरची" म्हणून बायका मागायला यायच्या आणि तुम्ही सूप भरून त्यांच्यापुढं ठेवायचात.

आपला खरा तंटा एकच होता, आणि तो अजून मिटलेला नाही. मी म्हणायचे, आता आपली झाडं झाली, आपल्याच पिकल्या मिरचीचं बी धरू. तुम्ही दर साली विकतच्या मिरचीचंच धरायचात. विकतच्या बियाचा भरवसा नव्हता. एका वाफ्यात चार तऱ्हा निघायच्या. एक झाड लांब सुरकुतल्या मिरचीचं, त्याच्या शेजारी बुटकं, एखाद्याच्या मिरच्या खाली लोंबण्याऐवजी वर तोंड करून उभ्या.

"ही बघा तुमची दुकानची अवलाद," मी म्हणायचे. "एक एकीसारखी न्हाय."

"पोत्यात चार गावची मिरची आसती. कोन कुनावर गेलं, कुठं बघत बसतीस?"

"ही आखूड, ताठ, जिभंला लावू नये आसली, ही कुनावर गेली मग?"

"तुझ्या सासूवर," तुम्ही म्हणालात.

आत्याबाई सोप्यातच होत्या. आपण दोघी पदर तोंडात कोंबून वाफ्यात बसलो होतो. मला तेव्हा कळलं नाही की मी कुणाबरोबर हसते आहे.

मिरची निवडली की माझ्या हातांची आग व्हायची. तुम्ही ताकाचं वाडगं आणून पुढं ठेवायचात. "बुडीव हात. डोळ्याला लावू नगंस." तुमचे हात माझ्या दुप्पट वेळ मिरचीत असायचे. त्यांची आग होत नसेल असं नाही. तुम्ही वाडग्यात हात घातलेला मी पाहिला नाही. माझ्या तीन बाळंतपणांत मला आणि पोरांना न्हाऊ घातलं ते त्याच हातांनी. वांझेचा हात बाळंतिणीला चालतो, बियाला चालत नाही, हे या घरात कुणाला खटकलं नाही. मलाही नाही. मी गरम पाणी घ्यायचे आणि डोळे मिटायचे.

आत्याबाई गेल्या तेव्हा मी एकदा धीर केला. मृग तोंडावर होता. तुम्ही लसूण सोलत होता.

"आक्का, यंदा तुमी मूठ धरा. आता कोन न्हाय म्हनायला?"

तुम्ही पाकळी सोलून संपवलीत.

"आता गुडघं चालत न्हाईत. तवा इचारायचं हुतं."

तुम्ही रागावून बोलला नाहीत. वेळ काय झाली ते सांगावं, तसं सांगितलंत.

मग माझे मालक गेले आणि चाड्याची मूठ माझ्याही हातून गेली. ती सुनेकडं आली. पण माझा हात बी जाळतो असं मला कुणी म्हटलं नाही. विधवा झाले तरी लेकुरवाळी होते. मिरचीचं बी मीच टाकत राहिले.

हे गेले त्या दिवसापासून तुम्हाला खरं सांगण्यात मला कुणाची भीती उरली नव्हती. सासू नव्हती, नवरा नव्हता. उरली होती ती फक्त तुमची. तुम्ही पोळपाट ठेवून उठून जाल आणि पुन्हा माझ्याशी भांडणार नाहीत, ही.

गेल्या महिन्यात तुम्ही अंथरूण धरलंत. दम लागायचा, बोलताना मध्ये थांबावं लागायचं. त्यातही येरमाळ्याच्या बाजारातून मिरची आणायला लावलीत आणि उशीला टेकून स्वतः देठ मोडलेत. जाण्याच्या दोन दिवस आधी दुपारी मी पेज घेऊन आले तर तुम्ही म्हणालात, "ती ठिव. हात दाव."

मी हात पुढं केला. तुम्ही तो धरलात, उलटा केलात आणि फडक्यातलं बी माझ्या तळहातावर ओतलंत.

"आक्का, हातात देऊ नये," मी म्हणाले. "भांडान हुतं."

"हुंदे की. आता कवा भांडायचं?"

तुम्ही माझी बोटं एकेक करून मिटलीत. तुमचा हात कोरडा आणि ऊन होता. मग श्वास गोळा केलात.

"भाजल्यालं न्हाय त्ये."

तुम्ही भिंतीकडं कूस वळवलीत. थोड्या वेळानं म्हणालात, पेजंत मीठ कमी हाय. मी मीठ घालून आणली.

तेव्हा मला वाफ्यापाशी तुम्ही दातांत धरलेलं बी आठवलं. मला वाटत होतं, ते कुजलं का ते तुम्ही पाहत होतात. फडक्यातलं बी कुजेल कसं? मला एवढीही अक्कल नव्हती. जन्मभर चटणी कुटलेल्या बाईला भाजलेलं बी चावल्यावर कळणार नाही? "हाताचंच हाय," असं तुम्ही म्हणालात. कुणाच्या हाताचं ते म्हणाला नाहीत. त्यानंतर इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून जेवलात.

तुम्ही का बोलला नाहीत, आक्का? बोलला असतात तर आत्याबाईंनी मला माहेरी धाडलं असतं, म्हणून मला वाचवलंत? की मी सांगते का ते बघत बसलात? "तूच टाक" म्हणून दर साली माझ्यापुढं बी ठेवत होतात, ती माझी परीक्षा होती का? मला ठरवता येत नाही. कधी वाटतं तुमचे पाय धरावेत. कधी तुमचा असा राग येतो की समोर असतात तर भांडी आपटली असती. चूक माझी, आणि राग मी तुमच्यावर करते. तुम्ही म्हणाला असतात, हिचं हे नेहमीचंच.

त्यानंतर तुम्ही दोन दिवस होतात. बोलायला दोन दिवस पुष्कळ झाले. मी पेज दिली, पाठ चोळली, कूस बदलली. बोलले नाही. तुम्हीही विचारलं नाहीत.

दहाव्याला मला वाटलं, कावळा अडेल. अडला की लोक विचारतात, कशात जीव गुंतला होता, आणि मग मला सगळ्यांसमोर बोलावंच लागेल. मी मनाशी वाक्य जुळवून गेले होते. कावळा आला आणि पानावर लगेच बसला. लोक म्हणाले, म्हातारीची काही इच्छा राहिली नव्हती. मी जुळवलेलं वाक्य तसंच घेऊन घरी आले.

माझं माहेर बार्शीकडचं, इंग्रजी अमलातलं, म्हणून मी चार इयत्ता शिकले, मला लिहिता-वाचता आलं. तुम्हाला आलं नाही. तुम्हाला कळण्यासाठी हे लिहिलं नाही, तुम्हाला आधीच कळलं होतं. गावात ज्यांना वाचता येतं त्यांनी हे वाचावं आणि इतरांना सांगावं. आक्काच्या हाताला काही झालं नव्हतं. बी मी भाजलं होतं. भाजलेलं बी कुणाच्याच हातानं उगवत नाही.

तुम्ही दिलेलं बी दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी न्हाणीमागं टाकलं. आज सकाळी पाला उचलून पाहिला. उगवलं आहे.

त्या सकाळी वाफ्यापाशी आपण चौघं होतो. आत्याबाई गेल्या. माझे मालक गेले. आता तुम्ही गेलात. मी आहे.